म्हातारी, भोपळा आणि 'वेंट'

कानात हेडफोन आहेत ना? मग आज माझीच फजिती सांगतो.

पहिली नोकरी, दुसरा आठवडा. आमच्याकडे रोज सकाळी स्टँडअप मीटिंग व्हायची. काल काय केलं, ते प्रत्येकाने दोन वाक्यांत सांगायचं. मी म्हणालो, "यस्टरडे आय फाइंडेड द बग." कोणीतरी खुदकन हसलं. झालं! त्या दिवसापासून मी फक्त "सेम ॲज यस्टरडे" म्हणायला लागलो. पुढे तीन महिन्यांनी माझ्या एका कामाचं कौतुक झालं, पण शेजारच्या मित्राच्या नावावर. त्याची चूक नव्हती. मीटिंगमध्ये ते काम त्याने सांगितलं होतं, मी गप्प होतो. तेव्हा मात्र लागलं.

आता गंमत बघा. 'डिप्लॉइड', 'टेस्टेड', 'डाउनलोडेड' यात मी कधीच चुकलो नाही. चुकायचो ते फाइंड, गो, थिंक, टेक यात. अवघड शब्द बरोबर आणि सोपे चूक! कारण असं आहे की इंग्रजीत नवं क्रियापद आलं की त्याला सरळ 'ईडी' लागतं. रोजच्या वापरातली जुनी क्रियापदं मात्र आपली जुनी रूपं सोडत नाहीत. 'वेंट' तर मुळात 'गो'चं नाहीच. ते 'वेंड' नावाच्या जुन्या क्रियापदाचं रूप, 'गो'ने उचललेलं.

हसू नका, आपल्याकडेही तेच आहे. जाणे, पण गेला. येणे, पण आला. करणे, पण केलं. हे आपण तक्ता पाठ करून शिकलो का? नाही. आजीच्या गोष्टी ऐकून शिकलो. गोष्ट म्हणजे सगळा भूतकाळच की!

म्हणून मी शाळेतला तो तीन रकान्यांचा तक्ता बाजूला ठेवला आणि भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट इंग्रजीत सांगायला घेतली. म्हातारी लेकीकडे निघाली: वेंट. वाटेत वाघ भेटला: मेट. ती म्हणाली, आधी जाडजूड होऊन येते: सेड. लेकीकडे तूप-रोटी खाल्ली: एट. जाड झाली: बिकेम. भोपळ्यात बसली: सॅट. परत आली: केम. सात क्रियापदं, आणि 'ईडी' एकालाही नाही! भोपळा गडगडला, तेव्हा कुठे 'रोल्ड' आलं.

रोज रात्री मोबाइलवर ही गोष्ट रेकॉर्ड करायचो, मग ऐकायचो. अडखळलो की तेवढंच वाक्य पुन्हा. आठवड्याने म्हातारीच्या जागी मी आलो: आय वोक अप, आय टुक द बस, आय सॉ अ बग. एक लक्षात ठेवा, 'डिड' आला की क्रियापद मूळ रूपात येतं. 'आय डिड नॉट वेंट' नाही, 'आय डिड नॉट गो'.

मग एका सकाळी स्टँडअपमध्ये म्हणालो, "आय फाउंड द बग." कोणी हसलं नाही. कोणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. मॅनेजरने फक्त विचारलं, "कसा सापडला?" आणि मी सांगत सुटलो.

आज रात्री तुमचा कालचा दिवस पाच वाक्यांत रेकॉर्ड करा. चुकलं तर चुकू दे, पण गप्प बसू नका. भेटू पुढच्या भागात!