सफारीला जाऊ, पण वाघासाठी हट्ट नको
(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेला पंचवीस वर्षं झाली. आता रौप्यमहोत्सवाची सहल कुठे काढायची, याची चर्चा जिन्यात, गच्चीवर, सगळीकडे चालू आहे. टीव्हीवर आफ्रिकेतले सिंह आणि रानातले लॉज पाहून मुलं म्हणतात, सफारीलाच जाऊ! आफ्रिका लांब राहिली. ताडोबा आपल्याच राज्यात आहे. शिवाय समृद्धी महामार्गाचं टोक आपल्या भिवंडी तालुक्यात, आमणे इथे आलं आहे. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूरपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. तिथून पुढे चंद्रपूर जिल्हा. तेव्हा जायचं जरूर. फक्त कसं जायचं, याबद्दल थोडं बोलतो.

ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. तिथल्या तळ्याकाठी तारू या गोंडांच्या देवाचं स्थान आहे. तारू हा गावाचा प्रमुख, वाघाशी झुंजताना मेला, अशी कथा सांगतात. त्यावरूनच ताडोबा हे नाव. म्हणजे हे रान रिकामं कधीच नव्हतं. वाघांना जागा मिळावी म्हणून जामणी, नवेगाव यांसारखी गावं बाहेर हलवली गेली. बाकीची गावं जंगलाच्या कडेलाच राहतात. उन्हाळ्यात ही माणसं मोहफुलं वेचायला, तेंदूची पानं तोडायला रानात जातात. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात पानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. आपण ज्या वाघाचा फोटो काढायला जातो, त्याच्या शेजारी ही माणसं बारा महिने राहतात, हे विसरून चालणार नाही.

याच गावांतली मुलं-मुली जिप्सीत आपल्यासोबत मार्गदर्शक म्हणून बसतात. आपण काय करतो? पहिल्या दहा मिनिटांत विचारतो, "वाघ दिसेल ना? एवढे पैसे भरलेत!" मग एका गाडीतून दुसऱ्या गाडीला निरोप जातो आणि सगळ्या गाड्या एकाच जागी धावतात.

याचा शेवट काय होतो, ते उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात दिसलं. ३१ डिसेंबर २०२४ रोजी तिथे एक वाघीण आणि तिचे पाच बछडे पर्यटकांच्या गाड्यांच्या मधोमध अडकले. चित्रफीत सगळीकडे फिरली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. चालक आणि मार्गदर्शकांना निलंबित केलं गेलं, दंडही झाला. चूक त्यांची होतीच. पण "अजून जवळ घ्या" असा हट्ट गाडीत मागे बसलेल्यांनी केला की पुढच्या माणसाला नाही म्हणणं जड जातं. आपण रविवारी घरी परत येतो. रोजी त्याची जाते.

आता आपल्याच बिल्डिंगचं उदाहरण घ्या. मुलं खाली खेळताहेत आणि गेटच्या दोन्ही बाजूंनी अनोळखी गाड्या येऊन लोक मोबाईल रोखून उभे राहिले, तर आपण काय करू? वॉचमनला हाक मारू, कमिटीला बोलावू. वाघिणीला हाक मारायला कोणी नाही. तिच्या वतीने नियम बोलतात, आणि ते आपण पाळायचे.

म्हणून जाण्याआधी सहल समितीने काही गोष्टी ठरवाव्यात. बुकिंग वनखात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करायचं. मंगळवारी ताडोबा बंद असतो आणि पावसाळ्यात गाभा क्षेत्रातली सफारी बंद असते, ते पाहूनच तारीख घ्यायची. कपडे मातकट रंगाचे. हिवाळ्यात पहाटे उघड्या गाडीत थंडी कडक असते, तेव्हा ज्येष्ठांनी कानटोपी विसरू नये. फोन बंद. आणि मुख्य म्हणजे, जवळ घ्या म्हणून चालकाला जादा पैसे द्यायचे नाहीत. द्यायचेच असतील तर परत आल्यावर, वाघ दिसला नाही तरी, आनंदाने द्या.

वाघ नाही दिसला तर फुकट गेलं का? चितळाने इशारा दिला की सगळं रान कसं गप्प होतं, ते ऐका. रानकुत्र्यांची टोळी, गवा, तळ्यातली मगर पाहा. लूमच्या खटखटीत वाढलेल्या आपल्या कानांना ती शांतताच मोठी मिळकत आहे.

ज्यांना एवढा प्रवास झेपणार नाही, त्यांच्यासाठी शेजारच्या शहापूर तालुक्यात तानसा अभयारण्य आहे. अत्यंत दुर्मिळ असा रानपिंगळा २०१४ मध्ये तिथे आढळला. आपल्या इतक्या जवळ! एका रविवारी डबे घेऊन तिथेही जाता येईल.

पंचवीस वर्षं आपण एका छताखाली राहिलो, ते एकमेकांची गैरसोय होऊ नये याची काळजी घेतली म्हणूनच. तेवढीच काळजी पाहुणे म्हणून रानात घेऊ. सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा.