फ्लॅश पारखायचा तर गंगा कोठीत

डिजिटल कॅमेरा हातात रुळला की बाहेरून लावायचा फ्लॅश घ्यावासा वाटतो. दुकानदार डब्यावरचा मोठा आकडा दाखवतो आणि त्या आकड्यावरच सौदा होतो. माझं मत असं, की फ्लॅश पारखायचा तर पन्हाळ्यावर जावं, अंबरखान्यातल्या गंगा कोठीत.

25,000 खंडी धान्य मावेल एवढी ही कोठी. उंची साधारण 35 फूट, आत सोळा खण, आणि धान्य ओतण्यासाठी प्रत्येक खणाच्या माथ्याला भोक. 1660 साली सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला, तेव्हा गड तगून राहिला तो अशा धान्यसाठ्याच्या बळावर. आत मात्र अंधार दाटलेला, आणि दगड काळपट.

आता तो डब्यावरचा आकडा, म्हणजे गाईड नंबर. त्याला मीटरमधल्या अंतराने भागलं की अ‍ॅपर्चर मिळतं. पण कंपन्या हा नंबर फ्लॅशचा झूम पूर्ण ताणून मोजतात. कॅननच्या 600 ईएक्स-आरटीचा नंबर 60, तो 200 मिलिमीटरला. अख्खा खण टिपायला 35 मिलिमीटर लावलंत, की तोच नंबर 36 वर येतो. घरी आपण फ्लॅशचं डोकं पांढऱ्या छताकडे वळवतो आणि चेहऱ्यावर छान मऊ उजेड पडतो. इथे कोठीत छत जमिनीपासून 9 मीटरवर धरलं, तर हातातल्या फ्लॅशपासून उजेडाला वर जाऊन चेहऱ्यापर्यंत खाली यायला साधारण 15 मीटर लागतात. 36 भागिले 15, म्हणजे एफ 2.4. त्यातलाही बराच उजेड काळा दगड गिळून टाकतो. आयएसओ 1600 केला की नंबर चौपट होतो, तेव्हा कुठे चित्र उजळतं.

समोरून थेट फ्लॅश मारला तर वेगळीच पंचाईत. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. तीन मीटरवरचा माणूस पांढराफटक, सहा मीटरवरचा खांब काळोखात. म्हणून फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवायचा आणि सोबत्याला खांबाआड धरायला सांगायचा. संरक्षित वास्तूत स्टँड लावायला परवानगी लागते, त्यामुळे माणूसच बरा. बाजूने उजेड आला की चिऱ्यांचे सांधे, टाकीचे घाव, कमानीची गोलाई असं सगळं उठून येतं. ते पहिल्यांदा पडद्यावर दिसतं तेव्हा फार आनंद होतो! यासाठी फ्लॅश रेडिओ ट्रिगरवर चालणारा हवा. उजेडाच्या इशाऱ्यावर चालणारा फ्लॅश दगडी खांब मध्ये आला की दगा देऊ शकतो.

आणखी एक परीक्षा. फ्लॅश मॅन्युअलवर, पूर्ण पॉवरला ठेवा आणि तयार असल्याचा दिवा लागताक्षणी फोटो काढत जा, सलग दहा. बऱ्याच फ्लॅशचा दिवा कपॅसिटर पुरता भरण्याआधीच लागतो, आणि फोटो काळवंडत जातात. पहिला आणि दहावा शेजारी ठेवून बघा. मला नंबर थोडा कमी पण दहाही फोटो सारखे देणारा फ्लॅश केव्हाही पसंत आहे.

आषाढात गडावर धुकं उतरतं. तेव्हा कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मारू नका, समोरचे थेंबच उजळतात आणि तीन दरवाजा पांढऱ्या ठिपक्यांमागे हरवतो. फ्लॅश हातभर बाजूला धरला की ठिपके पुष्कळ कमी होतात.

जुना, फिल्मच्या काळातला फ्लॅश स्वस्तात मिळत असेल, तर तो कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या हॉट शूवर चढवण्याआधी त्याचं ट्रिगर व्होल्टेज मीटरवर मोजून घ्या. काही जुन्या फ्लॅशमध्ये ते 200 व्होल्टच्याही वर असतं आणि डिजिटल कॅमेऱ्याचं सर्किट जळू शकतं. नवा घेणार असाल तर दुकानात जाताना रिचार्जचे चार सेल भरून न्या, डोकं मागेपर्यंत वळतं का ते बघा, आणि दहा फोटोंची ती परीक्षा तिथल्या तिथे, पैसे देण्याआधी घ्या.