युरोपचा व्हिसा : आधी मुक्काम ठरवा, मग फॉर्म भरा

आजचा विषय अनेक श्रोत्यांच्या घरातला आहे. मुलगी-जावई जर्मनीत, बाळंतपण जवळ आलंय आणि आईबाबांना जायचंय. घरात पहिला प्रश्न येतो, "व्हिसा कुठला काढायचा?" माझं म्हणणं असं, की त्याआधी दोन प्रश्न विचारा. किती दिवस जायचंय? आणि तिथे जाऊन करायचंय काय?

९० दिवसांपर्यंत फिरायला किंवा भेटायला जायचं असेल, तर शेंगेन व्हिसा, म्हणजे 'सी' प्रकार. सध्या २९ देशांत तो चालतो. आयर्लंड मात्र त्यात नाही बरं का! त्याहून जास्त राहायचं असेल, शिकायला किंवा नोकरीला जायचं असेल, तर त्या त्या देशाचा 'डी' प्रकारचा राष्ट्रीय व्हिसा. "आधी टुरिस्ट म्हणून जाऊ, मग तिथेच बदलून घेऊ" हा सल्ला सर्रास मिळतो. त्याच्या नादी लागू नका. जर्मनीत सहसा परत येऊन इथूनच नव्याने अर्ज करावा लागतो.

आता खरी गोम दिवसांच्या हिशोबात आहे. नियम आहे कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. पोचल्याचा दिवसही मोजायचा आणि निघाल्याचाही. समजा आई १ एप्रिलला म्युनिकला उतरल्या. एप्रिलचे ३०, मेचे ३१, झाले ६१. उरले २९. म्हणजे २९ जूनला बाहेर पडायलाच हवं. "तीन महिने" धरून १ जुलैचं तिकीट काढलं, तर दोन दिवस जास्त झाले. आणि परत कधी जाता येईल? थेट २८ सप्टेंबरला.

व्हिसाच्या स्टिकरवर तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहिलेल्या असतात: वैधता कधीपासून कधीपर्यंत, किती वेळा प्रवेश आणि किती दिवस मुक्काम. तिन्ही वाचा. दोन वर्षांचा मल्टिपल एन्ट्री व्हिसा मिळाला म्हणजे दोन वर्षं राहायची परवानगी मिळाली, असं नव्हे. ९० दिवसांचा नियम त्यालाही लागू आहेच. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तर प्रवेश आणि निर्गमनाची नोंद टप्प्याटप्प्याने संगणकावर होऊ लागली आहे. त्यामुळे "शिक्का कोण मोजतंय?" हे दिवस संपले. मुदत ओलांडली तर दंड, प्रवेशबंदी, पुढचा व्हिसा नाकारणं, यातलं काहीही होऊ शकतं. मग नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला व्हिडिओ कॉलच!

अर्ज कुठल्या देशाकडे करायचा? जिथे सर्वात जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे. दिवस सारखेच असतील, तर जिथे आधी उतरणार तिथे. "अमुक देश पटकन देतो" म्हणून तिथून काढू नका. अर्ज केंद्रावर कागद घेतले जातात, पण निर्णय वकिलातीचा असतो.

अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. शेवटच्या पंधरवड्याची वाट बघू नका. प्रौढांची फी ९० युरो, केंद्राचा सेवाशुल्क वेगळा. प्रवासाचा वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आतला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला हवा.

आणि आईबाबांना कायमचंच न्यायचं असेल तर? १ मार्च २०२४ किंवा त्यानंतर जर्मनीत पहिल्यांदा कुशल कामगार म्हणून निवास परवाना मिळालेल्यांसाठी आईवडिलांना बोलावण्याची वाट आहे. मात्र त्यांचा खर्च आणि आरोग्य विमा भागतो हे दाखवावं लागतं. उतारवयात तो विमा मिळवणं हेच अवघड काम, म्हणून सुरुवात तिथूनच करा.

तर मंडळी, तिकीट काढण्याआधी कॅलेंडर घेऊन बसा आणि बोटांवर दिवस मोजा. नियम आणि फी बदलत राहतात, म्हणून अर्जाआधी वकिलातीचं संकेतस्थळ एकदा बघाच. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!