भातकुलीचे घड्याळ आणि मॉरिशसचे घड्याळ
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझी शाळा सातवीपर्यंतच झाली. परंतु भूगोल आवडायचा आणि मुलांचा नकाशा मी अजून उघडून बसते. त्याच जोरावर आज दोन ठिकाणांविषयी चार शब्द सांगते. एक आपले भातकुली, दुसरे मॉरिशस बेट. मॉरिशसच का? तर एकोणिसाव्या शतकात, इंग्रजी अमलात, कोकणातली पुष्कळ माणसे तिकडे उसाच्या मळ्यांत मजुरीला गेली. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात. गणेशचतुर्थीला तिथे सरकारी सुटी असते. म्हणजे ती आपलीच माणसे.

आता हिशोब पाहू. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. एका अंशाला ४ मिनिटे लागतात. एवढे पदराला गाठ मारून ठेवा. भारताचे घड्याळ मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेषेवर लावलेले आहे. ही पद्धत १ जानेवारी १९०६ पासूनची. भातकुली त्या रेषेच्या पश्चिमेला सुमारे पाच अंश आहे. पाच चोक वीस. म्हणून घड्याळात बारा वाजले तरी आपल्याकडे सूर्य माथ्यावर यायला सरासरी २० मिनिटे उरतात. मुंबई आणखी पश्चिमेला, तिथे ३९ मिनिटे उरतात. मुंबईकरांनी तर आपली वेगळी ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत सांभाळली होती.

मॉरिशस आपल्या पश्चिमेला २० अंश. वीस चोक ऐंशी. सूर्य तिथे आपल्यामागून ८० मिनिटांनी पोहोचतो. पण घड्याळांत फरक आहे ९० मिनिटांचा. मग १० मिनिटे कुठून आली? प्रत्येक देशाने आपल्या सोयीची रेषा धरली, म्हणून. सूर्य देवाचा, पण घड्याळ माणसांनी आपसांत ठरवलेले. आपण सकाळी सहाला सडा घालतो तेव्हा तिथे साडेचार वाजलेले असतात. फोन करायचा तर एवढे लक्षात ठेवावे.

दुसरी गंमत ऐका. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे २१ अंश, ते दक्षिणेला सुमारे २० अंश. जवळजवळ सारखेच अंतर, पण बाजू उलट. २१ जूनला आपला दिवस सव्वातेरा तासांहून थोडा मोठा, तर त्यांचा अकरा तासांहूनही लहान. आपण मृगाच्या पेरणीच्या घाईत असतो, तेव्हा तिथे हिवाळा असतो आणि उसाची तोड चालू असते. थंडीच्या दुपारी आपले ऊन दक्षिणेकडून येते, त्यांचे उत्तरेकडून. तिकडे नांदायला गेलेल्या सुनेने हिवाळ्यात पापड वाळत घालायचे तर उत्तरेचे अंगण धरावे!

पाण्याचेही तसेच. सभोवती खारा समुद्र असून मॉरिशसला डोंगराळ भागातल्या पावसाचे गोडे पाणी मिळते. आपण समुद्रापासून शेकडो मैल दूर, पण पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आपल्या विहिरी खाऱ्या. ज्या बाईने हंडे वाहिले तिला हे नकाशाशिवाय ठाऊक आहे.

आता मुद्द्याचे. संकष्टीला आपल्याकडे पुष्कळ घरी दिनदर्शिकेतली मुंबईची वेळ पाहून ताटे वाढतात. मुंबई आपल्या पश्चिमेला पावणेपाच अंश. तेव्हा आपला चंद्र तिथल्यापेक्षा सुमारे २० मिनिटे आधी उगवतो, ऋतुमानाने थोडा कमीजास्त. मधुमेहाची सासू किंवा दिवस गेलेली सून दिवसभर उपाशी असताना, चंद्र वर आलेला असूनही ‘अजून वेळ झाली नाही’ म्हणून तिला ताटकळत ठेवणे बरे नव्हे. यावरून घरात वादही होतात. खरे म्हणजे दोघीही खोट्या नसतात. एक मुंबईची वेळ सांगते, दुसरी आकाशाकडे बोट दाखवते.

म्हणून माझी विनंती आहे. अमरावती आपल्याला इतकी जवळ की तिथल्या आणि इथल्या चंद्रोदयात एका मिनिटाचाही फरक पडत नाही. दर संकष्टीला अमरावतीची वेळ मंडळाच्या फळ्यावर लिहावी. लिहिण्याचे काम मी घेते. मॉरिशसच्या भगिनी त्यांच्या चंद्राने उपास सोडतील, मुंबईच्या मुंबईच्या चंद्राने. आपण आपल्या भातकुलीच्या चंद्राने सोडावा.