गझल कोणती आणि गीत कोणते?



चैत्राच्या उन्हात दिवसभर भाजून निघालेली माणसे संध्याकाळी व्याख्यानाला येतात, ती डोके आणखी तापवून घ्यायला नव्हे, हे आम्ही जाणतो. तरी आजचा विषय भांडणाचा आहे. भांडण गाण्यांच्या नावांचे आहे.

हल्ली महाविद्यालयांतील मुलांत ‘हे रॉक’, ‘हे रॉक नव्हेच’ असा वाद रंगतो. ज्यांच्या कानाला ती सारीच गाणी सारख्याच गोंगाटाची वाटतात त्यांना याचे हसू येते. परंतु वाद पोरकट नाही. अमेरिकेत ‘बिलबोर्ड’ नावाचे संगीतव्यवसायाचे साप्ताहिक काळ्या लोकांच्या ध्वनिमुद्रिकांची यादी ‘रेस रेकॉर्ड्स’ अशा मथळ्याखाली छापत असे. १९४९ साली त्याने तो मथळा बदलून ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ असा केला. गाणी तीच, गाणारेही तेच. म्हणजे पहिले नाव गाण्याचे नव्हतेच, गाणाऱ्याच्या कातडीचे होते! रॉकची एक मोठी मुळी याच गाण्यांत आहे. आता अलीकडची गोष्ट घ्या. २०२२ साली डॉली पार्टन या गायिकेचे नाव रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमसाठी पुढे आले. बाईंचे सारे आयुष्य ‘कंट्री’ गाण्यात गेलेले. आपण या मानाला पात्र नाही, नाव मागे घ्यावे, अशी विनंती त्यांनी केली. संस्थेने ती मानली नाही, त्याच वर्षी त्यांना आत घेतले. आणि २०२३ साली बाईंनी ‘रॉकस्टार’ याच नावाने गाण्यांचा संच काढला.

यात दोन निरनिराळे प्रश्न एका शब्दात कोंबले गेले आहेत. गाणे कोणत्या प्रकारचे, हा एक. आणि ते त्या नावाच्या मानाला लायक आहे काय, हा दुसरा. ‘हे रॉक नव्हे’ म्हणणारा मुलगा पुष्कळदा ‘हे मला आवडले नाही’ एवढेच सांगत असतो.

पण परक्यांची भांडणे कशाला? हेच भांडण आपल्या अंगणात केव्हाचे चालू आहे. सुरेश भटांचा जन्म १५ एप्रिल १९३२ चा, आणि तो या अमरावतीतला. तेव्हा मराठी गझल कशाला म्हणावे हा वाद आपण नाही घालायचा तर कोणी घालायचा?

गझल मराठीत भटांनी आणली असे सरसकट म्हणतात, ते खरे नाही. फारशी-उर्दूचा हा वारा दक्षिणेत फार जुना. वली दखनीचे नाते औरंगाबादेशी सांगतात, आणि त्याच शहरातले कीर्तनकार अमृतराय, जे कटावांसाठी प्रसिद्ध आहेत, त्यांच्या नावावरही मराठी गझल सांगितली जाते. आपल्या जिल्ह्यातले अचलपूर ही तर इमादशाहीची राजधानी. पुढे फारशीचे प्राध्यापक माधव जूलियन यांनी १९३३ साली ‘गज्जलांजलि’ प्रसिद्ध केली. ‘छंदोरचना’ लिहिणारा हा पंडित. वृत्ताच्या बाबतीत त्याचा हात कोण धरणार? तथापि त्या गज्जलांत पुष्कळदा एकच भाव पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत भावगीतासारखा वाहत जातो. फारशी-उर्दू परंपरेत गझलेचा प्रत्येक शेर आपल्या पायांवर उभा राहतो. म्हणून काही जाणकार त्या रचनांना गझल म्हणायला तयार नसतात. आमचे मत असे की, कवीने ‘ज’ला ‘ज’ जोडून ‘गज्जल’ असे नाव दिलेच आहे, तर तेच राहू द्यावे.

भटांनी मात्र नियमाची रेघ स्पष्ट आखली. ‘रूपगंधा’ १९६१ ची, ‘रंग माझा वेगळा’ १९७४ ची, ‘एल्गार’ १९८३ ची. नुसत्या गझला लिहून ते थांबले नाहीत. नवोदितांसाठी त्यांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली. त्यातले तंत्र थोडक्यात असे: सर्व ओळी एकाच वृत्तात, पहिल्या शेराच्या, म्हणजे मतल्याच्या, दोन्ही ओळींत यमक, आणि पुढे प्रत्येक शेराच्या दुसऱ्या ओळीत तेच यमक. या यमकाला काफिया म्हणतात. त्याच्यामागून जसाच्या तसा येणारा शब्द असेल तर तो रदीफ. रदीफ नसला तरी चालते, काफियावाचून मात्र गझल नाही.

आता ही पट्टी घेऊन भटांच्याच दोन रचना मोजू. ‘उषःकाल होता होता’ हे १९७९ च्या ‘सिंहासन’ चित्रपटातले गाणे. चाल हृदयनाथ मंगेशकरांची, आवाज आशा भोसले यांचा. हजारो लोक त्याला बेलाशक गझल म्हणतात. कडवी मोजा. दोन ओळींचा शेर तेथे नाहीच. तीन-तीन ओळींचे कडवे आहे आणि धृपदाशी जुळणारे यमक तिसऱ्या ओळीत येते. ते गीत आहे, आणि फार मोठे गीत आहे. उलट ‘मालवून टाक दीप’ घ्या. लता मंगेशकरांच्या आवाजातले हे गाणे भावगीतांच्या कार्यक्रमात लागले तर कोणी दचकत नाही. पण त्याचा मतला पाहा, पुढचे दोन-दोन ओळींचे शेर पाहा: अंग, संग, भंग, तरंग, पतंग असा काफिया कोठेही चुकत नाही. रदीफ नाही, एवढेच. मोजून पाहता ती गझल आहे. म्हणजे ज्याला आपण गझल म्हणतो ते गीत, आणि ज्याला गीत समजतो ती गझल! चूक कानाची नाही. आपण पहिल्याला गझल म्हणतो ते त्यातल्या जळजळीतपणामुळे, म्हणजे गुणाकडे पाहून. आणि दुसऱ्याला गीत म्हणतो ते चालीकडे पाहून.

येथेच वाद पेटतो. एक पक्ष म्हणतो, तंत्र सांभाळले की गझल झाली. दुसरा म्हणतो, छे! तंत्र हे हाडांचा सापळा. खरी गझल ‘गझलियत’ असेल तरच. आम्ही नावापुरते पहिल्या पक्षाचे आहोत, आणि त्याचे कारण काव्यशास्त्राचे नाही, माणसांचे आहे. दर्यापूरकडल्या एखाद्या खेड्यातला मुलगा मुशायऱ्यात आपली रचना वाचतो. त्याला कोणी सांगितले की तिसऱ्या शेरात तुझा काफिया तुटला, तर तो रात्री कंदिलाशी बसून, नाही तर आजच्या विजेच्या दिव्याशी बसून, तो शेर दुरुस्त करील. उलट त्याला सांगितले की तुझ्यात गझलियत नाही, म्हणून ही गझलच नव्हे, तर त्याने काय करावे? या निकालावर अपील कोठे? गझलियत ज्याच्या त्याच्या खिशात असते, आणि मोठ्या खिशाच्या माणसाजवळ ती जास्त असते. बाराखडीने दार उघडले. ज्याला मात्रा मोजता येतात तो आत आला. त्याचे घराणे, त्याची बोली, त्याचे आडनाव कोणी विचारले नाही.

मग वाईट गझलांचे काय? त्यांचे पीक उदंड आले हे आम्हाला ठाऊक आहे. काफियांची यादी आधी आणि विचार मागून, असा कारखाना पुष्कळांनी काढला. पण मीठ कमी पडलेले वरण हे वरणच असते. ते अळणी आहे असे स्पष्ट सांगावे, ते वरणच नव्हे असे म्हणू नये. वाईट गझलेला वाईट गझल म्हणण्याची हिंमत टीकाकाराने दाखवावी.

हे झाले कागदावरचे. गायनात एवढी सोय नाही. गझल गाणारा मुरब्बी गायक शेराची पहिली ओळ फिरवून फिरवून म्हणतो, दुसरी अडवून धरतो, आणि ऐकणारा काफियाची वाट पाहत तिष्ठतो. ‘वाहवा’ निघते ती तो काफिया हाती आल्यावर. आपल्या जिल्ह्यातील आष्टगावचे भीमराव पांचाळे यांच्या मैफलीत ही गंमत मराठीतही अनुभवता येते. पण ही रीत किती पाळली म्हणजे गझलगायन आणि किती सोडली म्हणजे भावगीत, हे सांगणारी बाराखडी कोणी लिहिलेली नाही. लिहिता येईल असेही आम्हाला वाटत नाही.

कारण गाण्यांना नावे देताना आपण एक माप कधी वापरलेच नाही. अभंग हे छंदाचे नाव. आज विठ्ठलाचे कोणतेही गाणे अभंग होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे खंजिरी भजन वाद्यावरून ओळखले जाते. अमरावतीच्या वीर वामनराव जोशींचे ‘रणदुंदुभि’ १९२७ साली रंगभूमीवर आले. आता त्या नाटकाचे प्रयोग सहसा दिसत नाहीत, पण त्यातली पदे मैफलीत गायली की त्यांना नाट्यगीतच म्हणतात. तेथे नाव जन्मगावावरून पडले. अशी नावे एकमेकांवर चढणारच. एकच गाणे एकाच वेळी नाट्यगीत, देशभक्तीचे गीत आणि रागदारीची चीज असू शकते, आणि त्यात कोणाचे बिघडत नाही.

बिघडते ते दुसरीकडे. अकोल्याचे विठ्ठल वाघ यांची ‘तिफन’ ही वऱ्हाडी कविता १९८१ च्या ‘अरे संसार संसार’ या चित्रपटात गाणे होऊन आली आणि पेरणीच्या दिवसांत शेताशेतातून ऐकू येऊ लागली. ती इतकी मुरली की पुष्कळजण तिला लोकगीत समजतात. कवीला याहून मोठी पावती नाही, हे मान्य. पण लोकगीत म्हटले की कर्ता उरत नाही. वऱ्हाडी बोलीत कोणी जाणत्या माणसाने बसून, शब्द तोलून कविता लिहिली, हेच पुसले जाते. बोलीत आहे म्हणून लोकगीत, हे ‘रेस रेकॉर्ड्स’ या मथळ्याच्या फार दूरचे नाही. तेथे कातडीवरून नाव पडले, येथे बोलीवरून.

तेव्हा जे कार्यक्रम भरवतात त्यांना एक विनंती. भटांच्या स्मृतिदिनाला, १४ मार्चला, आणि जयंतीला आपल्याकडे कार्यक्रम होतात, आणि पत्रिकेवर ‘गझलसंध्या’ असे छापले जाते. यापुढे ‘सुरेश भटांची गीते आणि गझला’ असे छापावे. शाई थोडी जास्त लागेल. आणि निवेदकाने वाघांचे गाणे सांगताना ‘वऱ्हाडी लोकगीत’ न म्हणता कवीचे नाव घ्यावे.

अध्यक्षमहाराज घड्याळाकडे पाहत आहेत. ‘मालवून टाक दीप’ ही गझल नव्हे असे ज्यांना वाटते त्यांनी पुढे यावे. प्रश्नांसाठी पंधरा मिनिटे ठेवली आहेत.