संध्याकाळचं ग्रंथालय

हिंजवडीत आयटी पार्कच्या आसपास कॉलेजं आली, त्यांची ग्रंथालयंही आली. आता तिथे ऐकू येतं, सगळं ऑनलाइन मिळतं, कपाटं हलवा, माणसं कमी करा.

कपाटं हलवा, माझी तक्रार नाही. माणसं मात्र हवीत. 2025 पासून केंद्र सरकारच्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजनेत 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिकं खुली झाली, पण सरकारी संस्थांना. आपल्याकडची बरीच कॉलेजं खासगी. तिथे आहे त्या पैशात काय घ्यायचं, काय सोडायचं, हे जाणत्या ग्रंथपालालाच ठरवावं लागतं.

आणि मोकळी झालेली जागा कुणाची? एका खोलीत चौघी राहणाऱ्या मुलींना अभ्यासाला कोपरा मिळत नाही. त्यांना टेबल, दिवा, स्वच्छ संडास आणि रात्री नऊपर्यंत उघडं दार हवं. सोफे नकोत हो! पाचला कुलूप लागलं तर त्या सोफ्यांवर बसणार कोण?

मुलीचा प्रवेश घेताना आपण फी विचारतो, होस्टेल बघतो. यंदा एवढंही विचारा: ग्रंथालय किती वाजता बंद होतं, आणि संध्याकाळी तिथे कामाला बाई असते का?