पाणी व्हायरल झालं, बाकीचा कायदा राहिला

आज अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचा एक कायदा बघूया. निमित्त माझा मावसभाऊ. दादा अटलांटाजवळ अल्फारेटाला राहतो, तिथला नागरिक आहे. नोव्हेंबर २०२२ च्या निवडणुकीच्या वेळी कामासाठी दोन आठवडे डॅलसला अडकला होता. ३१ ऑक्टोबरला टपाली मतपत्रिकेसाठी अर्ज करायला बसला, तर मुदत २८ लाच संपलेली. "अरे, २०२० ला तर मतदानाआधीच्या शुक्रवारपर्यंत अर्ज चालत होता!" चालत होता, खरंय. मधल्या काळात कायदा बदलला. दादाचं मत गेलं.

तर हा कायदा, एसबी २०२. गव्हर्नर ब्रायन केम्प यांनी २५ मार्च २०२१ ला सही केली. आपल्या फीडवर तेव्हा एकच गोष्ट फिरत होती, रांगेतल्या मतदारांना पाणी वाटायला बंदी. ती आहेच त्यात. पण मला बाकीची पानं जास्त महत्त्वाची वाटतात.

आपल्याकडे लोकसभा, विधानसभेला अख्ख्या देशासाठी एकच निवडणूक आयोग. तिकडे निवडणूक कशी घ्यायची हे बरंचसं प्रत्येक राज्याची विधिमंडळं ठरवतात. त्यामुळे राज्य बदललं की नियम बदलले.

टपाली मतदानाचं बघा. आधी १८० दिवस आधीपासून अर्ज करता यायचा, आता ७८ दिवस. शेवटची मुदत ११ दिवस आधी. सही जुळवण्याऐवजी लायसन्स किंवा राज्याच्या ओळखपत्राचा नंबर. हा बदल मला पटतो बरं का. सही डोळ्यांनी जुळवणं म्हणजे प्रत्येक क्लार्कचं वेगळं लॉजिक. नंबर नसेल तर मात्र कागदपत्राची प्रत जोडा, आणि ते सगळ्यांना जमतंच असं नाही. दोन शनिवारी आगाऊ मतदान सक्तीचं केलं, तेही चांगलंच.

खरी गंमत ड्रॉप बॉक्सची. मतपत्रिका टाकायच्या या पेट्या २०२० ला कोविडमुळे आल्या. नव्या कायद्यात त्या कायम झाल्या, पण आगाऊ मतदान केंद्राच्या आत आणि केंद्राच्या वेळेतच. ते मतदान शुक्रवारी संपतं, मतदान मंगळवारी. म्हणजे पोस्टावर भरवसा उरत नाही, नेमक्या त्या शेवटच्या दिवसांत पेटी बंद!

आता ॲडमिन ॲक्सेस. २०२० ला बायडन जॉर्जियात ११,७७९ मतांनी जिंकले. २ जानेवारी २०२१ ला ट्रम्प यांनी राज्याचे निवडणूक प्रमुख ब्रॅड रॅफेन्सपर्गर यांना फोन करून ११,७८० मतं शोधायला सांगितलं. ते स्वतः रिपब्लिकन, तरी बधले नाहीत. तीनच महिन्यांत या कायद्याने त्यांना राज्य निवडणूक मंडळाच्या अध्यक्षपदावरून काढलं. नवा अध्यक्ष विधिमंडळ निवडणार, आणि मंडळ काउंटीच्या निवडणूक अधिकाऱ्यांना निलंबितही करू शकणार. कोडचा रिव्ह्यू कडक केला म्हणून रिव्ह्यूअरचाच ॲक्सेस काढला, असलं काहीतरी.

पुढे काय झालं? सप्टेंबर २०२४ मध्ये याच मंडळाने ३ विरुद्ध २ मतांनी ठरवलं की मतदानाच्या दिवशी मतपत्रिकांची संख्या हातानेही मोजायची. निवडणूक दीड महिन्यावर! शेवटी ऑक्टोबरमध्ये कोर्टाने थांबवलं.

एक मान्य करायला हवं, २०२२ ला तिथे आगाऊ मतदान भरपूर झालं. त्यामुळे कायद्याचे समर्थक म्हणतात, बघा, कुणाचं अडलं? दादाचं अडलं. आणि एकूण आकड्यात तो दिसणारच नाही.

मी पुण्यात बसून त्याला हसत होतो. तर म्हणाला, "तुझं नाव अजून गावच्या यादीत ना? तुला तर टपालाने अर्जच करता येत नाही." गप्प बसलो.

आता त्याच्या फोनवर ७८ दिवस आधीचा रिमाइंडर आहे. मला पुण्याच्या यादीसाठी फॉर्म ८ भरायचाय, तो अजून ड्राफ्टमध्येच पडलाय.